जिभल्याचा पहिला चमचा

जिभल्याने चमचा तोंडात घातला आणि लंब्या त्याच्या तोंडाकडे बघत बसला. हॉटेलचा मालकही गल्ल्यावरून उठून टेबलाशी येऊन उभा राहिला होता. त्यांची मैत्रीण आजीबाई हात धुवायला गेली होती. खरं तर तिची वाट बघायला हवी होती, पण मालक जागचा हलेना आणि लंब्याच्या पोटात कावळे ओरडत होते. जिभल्याने घोट गिळला, क्षणभर डोळे मिटले आणि मान डोलावली.

"फक्कड," तो म्हणाला.

मालक खूश होऊन गेला. जिभल्याला मात्र काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मटणाचं सूप होतं, गरम होतं, एवढंच. त्याऐवजी वाफाळलेलं पाणी दिलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. परीक्षेच्या आधी ताप आला होता, तो जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल, किंवा नाहीही येणार. एवढं सांगून ते मोकळे झाले.

आता गेली चव तर गेली, मित्रांना सांगून टाकायचं ना. पण ते इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. कॉलेजात पहिलं वर्षभर त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मागच्या बाकावर बसायचा, खाली मान घालून डबा संपवायचा. एकदा कॅन्टीनमध्ये त्याने डोळे मिटून भाजीत काय काय पडलंय ते धडाधडा सांगितलं, करपलेल्या तेलासकट. तेव्हापासून लंब्या आणि आजीबाई त्याला सोडीनात. जिभल्या हे नावही त्यांचंच. दर शनिवारी एक नवं हॉटेल शोधायचं आणि पहिला चमचा जिभल्याचा. त्याने मान डोलावल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. तो नाही म्हणाला तर उठायचं, मालक कितीही गयावया करो. जीभच गेली म्हटल्यावर त्या टेबलाशी त्याचं काय काम उरलं? पुन्हा तो मागचा बाक.

म्हणून तो वेळ मारून नेत होता. आणि ते साधत होतं आजीबाईमुळे. पर्समध्ये कापूस, मलम आणि सुईदोरा घेऊन फिरणाऱ्या या मुलीच्या तोंडाला अलीकडे उसंत नव्हती. बशी टेबलावर टेकते न टेकते तोच तिचं सुरू व्हायचं. "मिरी सढळ हाताने घातलीय वाटतं." "लोणी ताजं आहे हं." "शी, कालच्याच तेलात तळलंय." जिभल्याला तेवढं पुरे होतं. चमचा तोंडात घालायचा, डोळे मिटायचे आणि तिचंच वाक्य जरा सजवून तिला परत करायचं. लंब्या तर त्याला देव मानायचा.

आजीबाई ओले हात पुसत आली. "झालं का चाखून?" तिने विचारलं.

"फक्कड आहे म्हणतोय," लंब्या म्हणाला. त्याने घाईघाईने एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अरे, आंबलंय हे. वास येतोय याला."

आता आजीबाईनेही नाक मुरडलं की बिंग फुटलंच. जिभल्या तिच्याकडे बघू लागला. तिने एक चमचा घेतला. जरा थांबली. मग गिळला.

"तुझ्या नाकाला औषध घाल," ती लंब्याला म्हणाली. "मुरलेलं सूप असंच लागतं. तुला पावापलीकडे कळतं काय? आण इकडे तुझं."

तिने आपला वाडगा संपवला, मग लंब्याचाही संपवला, तळाशी पाव फिरवून. लंब्या ओशाळून कोरडा पाव चावत बसला. जिभल्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपलं सूप पिऊन टाकलं.

घरी गेल्यावर जिभल्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला. लंब्याला तर काहीच झालं नाही. आजीबाई मात्र उठली नाही. विष तिच्या किडन्यांवर गेलं आणि आठवडा उलटायच्या आत तिला अतिदक्षता विभागात हलवलं.

"सूप तर तूही प्यायलास," दाराबाहेरच्या बाकावर तिची आई त्याला म्हणाली. "मग हिलाच एवढं का रे झालं?"

"काकू..." जिभल्या म्हणाला. शेजारी लंब्या जमिनीकडे बघत बसला होता. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते, आजचा दिवस निभावला तर पुढचं बोलू.

नर्सने जिभल्याला आत बोलावलं. दोनच मिनिटं, ती म्हणाली. तो मनाशी ठरवूनच आला होता. शिव्या घालू दे, तोंड फिरवू दे, आज सांगायचंच.

आजीबाईचा चेहरा सुजला होता. हाताला नळ्या होत्या. डोळे मिटलेले होते.

"मला चव लागत नाही," तो म्हणाला. "वासही येत नाही. त्या तापापासून. त्या दिवशी काहीच कळलं नव्हतं, तरी मी फक्कड म्हणालो. माझ्यामुळे झालं हे सगळं."

तिने डोळे उघडले.

"माहीत आहे रे," ती म्हणाली. "केव्हाचं. उगाच का मी एवढी बडबड करत होते?"

तो खाटेच्या कडेला टेकला.

"लंब्याला नाही ना सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही. पण आता सांगणार आहे. बाहेरच बसलाय."

"नको सांगूस." तिला धाप लागली. ती थांबली, पुन्हा श्वास गोळा केला. "सांगायचंच होतं, तर मग त्याचा तो दुसरा वाडगा मी कशाला संपवला?"