सातवाली की एकवीसवाली

डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, म्हणून दोन्ही लेक मला दुकानात घेऊन आले. एकवीस गिअरची हायब्रिड मी दुकानामागच्या चढावर चालवून पाहिली. गिअर बदलला की पायांवर जोरच येत नव्हता. खूश होऊन परतलो.

"बाबा, आपल्या सपाट रस्त्यांना एवढे गिअर कशाला? ही सातवाली घ्या, पैसे वसूल," थोरला म्हणाला.

तिच्यावर बसलो, तर गुडघे हँडलला लागायला लागले.

"काकांना ही बुटकी होतेय," दुकानदार म्हणाला. "त्याच किमतीत मोठी फ्रेम आहे."

धाकटा त्याच्या कानाशी लागला. माझे कान मात्र अजून शाबूत आहेत.

"मोठी नको, हीच द्या. बाबांनंतर आमच्या पिंट्याला बरोब्बर होईल."

थोरल्याने मान डोलावली. मला शिसारीच आली. पोटची पोरं ही!



"एकवीसवाली द्या, मोठ्या फ्रेमची," मी दुकानदाराला म्हणालो. "आणि घंटा चांगली खणखणीत लावा. या दोघांना रोज सकाळी ऐकू गेली पाहिजे."