एलरबीची फायनल

रग्बी लीगची फायनल होती. आमचं थॉर्नली दोन गुणांनी मागे, आणि शेवटची काही मिनिटं उरलेली. संघाच्या चाली रचणारा कोरी डोक्यावर आपटला आणि झोकांड्या खात उठला. कोच एलरबीने त्याला सरळ बाहेर बसवलं. प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली, आणि कप गेला.

ड्रेसिंग रूममध्ये कोरीचा तोल सुटला. "तुम्हीही माझ्याच जागी खेळायचात, कोच. डोक्याला लागूनही तुम्ही फायनल सोडली नाहीत, कप आणलात. अख्खं गाव अजून त्या दिवसाच्या गोष्टी सांगतं."

एलरबी खाली बसून कोरीच्या बुटांच्या नाड्या सोडत होता.



"मीही त्या गावाकडूनच ऐकतो, पोरा. मला स्वतःला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही."