दुसऱ्या गिअरचा घाट

कुंभार्ली घाटाच्या चढावर माझ्या नातीने, केतकीने, तिसरा गिअर टाकला आणि आमची नवी छोटी एसयूव्ही धडधडून बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले.

मागचा टेम्पोवाला खिडकीशी आला. "आजोबा, तुम्ही घ्या की गाडी. पोरीचं काम नाही हे."

"लायसन्स तिचं आहे," मी म्हणालो.

केतकीने हँडब्रेक ओढला. "पप्पा म्हणाले, गिअर लवकर बदल, पेट्रोल वाचतं."

"सपाटीवर वाचतं. पण हे लहान टर्बो इंजिन आहे, आरपीएमचा काटा दोन हजारांच्या खाली गेला की झोपतं. एसी बंद कर. पहिला गिअर टाक, रेस दे, क्लच हळू सोड. गाडीने नाक उचललं की हँडब्रेक सोड."

गाडी तसूभरही मागे न सरकता निघाली. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन केकाटू लागलं.

"आबा, ओरडतंय हे!"

"ओरडू दे. चढतंय ना?"

माथ्यावर तिने गाडी बाजूला घेतली. पुढच्या उतारावर गाडी मी चालवणार, असं तिच्या वडिलांशी ठरलं होतं. मी पट्टा सोडला.

ती जागची हलली नाही. "पट्टा लावा, आबा. उतरताना कोणता गिअर ठेवायचा, तेवढं सांगा."