डबा, एकेचाळीस

“सात नंबरचा उतार मला तोडायला द्या, बाकीचं जंगल खुशाल कुलपात ठेवा,” वखारवाला म्हणाला आणि त्यानं टेबलावरच्या जगमधून ग्लासभर पाणी ओतून घेतलं. जग त्याचाच होता, पाणीही त्याच्याच झऱ्याचं. डोंगरापलीकडे त्याच्या घरामागे तो झरा होता; भर उन्हाळ्यातही आटत नसे. वनसमितीच्या प्रत्येक बैठकीला तो हौसेनं पाणी पाठवायचा. “प्या, प्या. फ्रीज झक मारतो यापुढे.”

समितीच्या अध्यक्ष मास्तरीणबाई नकाशेवालीकडे वळल्या. “बोल गं. तुझा नकाशा काय म्हणतो?”

नकाशा भिंतीवर लावलेला होता. पावसाचे, खडकांचे, विहिरींचे आकडे घालून तिनं तो सहा महिन्यांत तयार केला होता. कोणता उतार दहा वर्षं राखायचा आणि कोणता तोडीला उघडायचा, हे आज त्यावरून ठरणार होतं. सात नंबरच्या उतारावर तिनं अजून कोणताच रंग भरला नव्हता.

मागच्या रांगेत तिची आई बसली होती. सकाळी चपला घालता घालता तिनं बजावलं होतं, “तू फक्त गप्प बस. बाकीचं तो स्वतःच्या हातानं करेल.”

मायलेकींना जे ठाऊक होतं ते त्या खोलीत आणखी कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंगराच्या पोटातला खडक पलीकडे कललेला होता. सात नंबरच्या झाडांखाली मुरणारं पाणी इकडे उतरतच नव्हतं. ते सगळं वखारवाल्याच्या झऱ्यात निघत होतं. झाडं गेली की तीन वर्षांत झरा संपला. मग त्याची बाग, त्याचं घर, हा जगसुद्धा.

तिला हे कळलं होतं बाबांच्या वहीतून.

बाबा या जंगलाचे राखणदार होते. बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी वखारवाल्यानं याच टेबलावर त्यांची वही आपटली होती. पानापानावर तारीख आणि पुढे, डबा, एकेचाळीस. डबा, अडतीस. “हा डबा कोण, ते विचारा त्याला,” तो म्हणाला होता. “गिऱ्हाईक आहे. पुढचा आकडा ओंडक्यांचा. राखणदारच चोर निघाला.”

“पाणी मोजतो,” बाबा म्हणाले होते.

“कुणाचं?”

“तुमच्या झऱ्याचं.”

खोलीभर हशा पिकला. हसणं थांबल्यावर मास्तरीणबाईंनी विचारलं, “कशाला?” त्यावर बाबा काहीच बोलले नाहीत. शिट्टी आणि बिल्ला काढून घेतला गेला. वही तेवढी परत मिळाली. ती कुणाच्याच कामाची नव्हती. आठ महिन्यांत बाबा गेले. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा तिला वखारवाल्याइतकाच राग होता.

मग नकाशासाठी तिनं ते आकडे संगणकात भरले. बाबांनी दर शुक्रवारी डोंगर ओलांडायचा, झऱ्याखाली तेलाचा रिकामा डबा धरायचा, तो किती सेकंदांत भरतो ते लिहायचं. ज्या वर्षी सात नंबरचा अर्धा उतार वणव्यात गेला, त्यानंतर डबा भरायला साठ सेकंद लागत होते. बाबांनी तिथं पुन्हा झाडं उभी केली, तसतसे आकडे उतरत गेले.

“अहो, सांगण्यासारखं असेल तर सांगेल ना,” वखारवाला म्हणाला. “बापावर गेलीय. आकडे भरपूर, तोंड बंद.”

आईनं दुरूनच मान हलवली. नको.

नकाशेवाली उठली. टेबलावरचा हिरवा स्केचपेन घेऊन तिनं सात नंबरचा उतार या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवला. “हा राखायचा,” ती म्हणाली. “शेठ, तुमचा झरा इथून येतो.”

तिनं वही उघडून ठेवली. एकेक आकडा वाचला, एकेक वर्ष नकाशावर दाखवलं. शेवटी म्हणाली, “खोटं वाटत असेल तर आत्ता जाऊन मोजा. डबा माझा, घड्याळ तुमचं.”

या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरीणबाईंनी चष्मा काढून हातात धरला. “म्हणजे तो खरंच पाणी मोजत होता,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वखारवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं आपला अर्ज ओढून घेतला आणि चुरगळून खिशात कोंबला. “वाचवलंस, पोरी. तुझे उपकार कसे...”

“माझे नाहीत. बाबांचे. बावीस वर्षं, घोटाघोटाला.”

बाहेर व्हरांड्यात आईनं तिचा दंड धरला. “एवढं मोठं मन कुठून आणलंस गं? त्यानं तुझ्या बापाला मारलं, आणि तू त्याचं पाणी राखलंस?”

तिनं वही उघडून आईपुढे धरली. हे शेवटचं पान तिनं आजवर आईला दाखवलं नव्हतं. बिल्ला गेल्यानंतरचं, बाबांच्या अक्षरातलं.

*डबा, एकोणचाळीस. कशाला मोजतो ते त्या दिवशी सांगितलं असतं तर सुटलो असतो. पण मग माझ्या जिवावरचं पाणी त्याला जन्मात गोड लागलं नसतं. माणसाला पाणी तरी सुखानं पिता आलं पाहिजे. त्याला कधीही सांगू नये.*

आईनं ते दोनदा वाचलं. मग खिडकीतून आत बघितलं. खोली रिकामी झाली होती. वखारवाला एकटाच टेबलाशी बसला होता. ग्लास त्यानं ओठांपर्यंत नेला, थांबला आणि तसाच भरलेला खाली ठेवला.

“म्हणून सांगितलं,” ती म्हणाली.