घरातला दोष

मुलीकडे भार्गवरावांची पावले नीट पडत. स्वतःच्या घरी परतले की दोन दिवसांत ती फरशीला चिकटत. कंपवात तोच, गोळीही तीच.

आजही ते न्हाणीघराच्या दारात थिजले.

“अहो, उचला ना पाय.”

“मी सांगतोय गं, तोच ऐकत नाही.”

कुमुदिनीबाईंना हसू आले नाही. त्यांनी नवऱ्याचे कोपर घट्ट धरले. आज उंबऱ्यात, उद्या भर रस्त्यात, मग कायमचे अंथरूण. शेजारणीने वास्तुदोष सुचवला होता. भीतीपोटी त्यांनी तोही खरा धरला होता.

दुपारी दोन्ही घरांतला फरक ऐकून डॉक्टरीणबाईंनी एवढेच विचारले, “गोळी कशाबरोबर देता?”

“पेलाभर दुधाबरोबर. नुसती घेतली की उष्ण पडते.”

“आणि मुलगी?”

“ती आळशी. नुसत्या पाण्याबरोबर देते.”

दुधातली प्रथिने आणि ही गोळी रक्तात एकाच वाटेने शिरतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुधाने वाट अडवली की गोळी मागे राहते.

कुमुदिनीबाईंना घरातला दोष सापडला: रोज सकाळी त्यांनी स्वतःच्या हातांनी, वेलची घालून दिलेले दूध.