तोंडी परीक्षेतलं मौन

"काकू, समाजाकडे बघण्याचे तीन दृष्टिकोन सांगा," समाजशास्त्राच्या परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हणाले. मी ओठांवर बोट ठेवलं.

"चातुर्मास ना, दुपारी बारापर्यंत मौन असतं त्यांचं," शेजारी बसलेल्या आमच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं.

"अहो, ही तोंडी परीक्षा आहे! उत्तर द्या, नाहीतर नापास."

मनात देवाचं नाव घेऊन मी सरांच्या पेनातली स्प्रिंग काढली. पेन चालेना.

"प्रत्येक भागाला काम असतं! प्रकार्यवाद," मॅडम हसल्या.

मग सरांसमोरची बिस्किटांची बशी हळूच मांडीवर घेतली. "अहो, माझी आहे ती!" सर ओरडले.

"सर, हाच संघर्षवाद," मॅडम म्हणाल्या.

शेवटी मी हात जोडले. सरांचेही आपोआप जुळले. त्यांच्या हातातलं उरलेलं बिस्किट समोरच्या चहात पडलं.

"खुणेचा अर्थ न बोलता कळला... प्रतीकात्मक आंतरक्रियावाद," ते पुटपुटले. "पास!"

बाराचे टोले पडले.

"घ्या सर, बशी आणि स्प्रिंग," मी म्हणाले. "मला आज उपास आहे."