नावेतून कोण उतरलं?

"आई," हेस्टर पुटपुटली आणि उत्तराच्या कागदावर तेच ठसठशीत लिहून मोकळी झाली.

शेजारी बसलेल्या बाबांनी तिची बाही ओढली. गेल्या वसंतात पक्षाघाताने त्यांचा उजवा हात आणि बोलणं, दोन्ही नेलं होतं. उरला होता डावा हात.

"हो बाबा, कळलं," ती हसून म्हणाली. "तुमचंच लाडकं पुस्तक विचारलंय."

गावातल्या या पबात दर रविवारी संध्याकाळी प्रश्नमंजूषा रंगायची. एके काळी बाबा, म्हणजे विल्फ, तिथले राजे होते. विल्फ आला म्हटलं की निम्मे लोक हरण्याच्या तयारीनेच बसायचे. आता तेच लोक त्यांच्या डोक्यावरून हेस्टरला विचारायचे, "याला बिअर चालते का गं?" आज मात्र त्यांच्या दोघांच्या चमूची क्लाइव्हच्या चौघांशी बरोबरी झाली होती आणि एकच निर्णायक प्रश्न उरला होता. या खोलीने बाबांसाठी पुन्हा एकदा टाळ्या वाजवाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

प्रश्न होता: 'राखेचं तळं' या कादंबरीत शेवटी नाव परत येते, तेव्हा नावेतून कोण उतरतं?

हेस्टर काही पुस्तकी किडा नव्हती. राक्षस-ड्रॅगनांच्या गोष्टींतली तिला ठाऊक असलेली कादंबरी एवढी एकच. ती सात वर्षांची असताना तिची आई हॉस्पिटलात गेली आणि घरी आलीच नाही. त्या हिवाळ्यात बाबांनी तिला ही गोष्ट रोज थोडी थोडी वाचून दाखवली होती. मुलीला किनाऱ्यावर ठेवून आई ड्रॅगनकडून विस्तव आणायला तळ्यापार जाते. घरच्या प्रतीचं शेवटचं पान कधीचंच निखळलं होतं, पण बाबांना ते तोंडपाठ होतं. नाव येते, आई उतरते, हात चोळते आणि विचारते, "जेवायला काय केलंयस गं?"

पुढे त्यावर सिनेमा निघाला. ड्रॅगन चर्चच्या मनोऱ्याएवढा, खडूस नावाडी एकदम देखणा, मध्येच एक गाणं. तेवढं हेस्टरने चालवून घेतलं. पण शेवटी नाव रिकामी आली आणि व्हायोलिनं रडायला लागली, तेव्हा ती संतापाने थिएटरबाहेर पडली होती.

"आईला मारून टाकलं हो त्यांनी!" घरी येऊन तिने सांगितलं.

"सिनेमावाल्यांचं काय घेऊन बसलीस," बाबा किटली ठेवत म्हणाले होते. "चहा घे."

सिनेमा त्यांनी कधीच पाहिला नाही.

सूत्रधार डेझमंडने दोन्ही कागद गोळा केले. प्रश्न तोच वाचायचा, पण ते पोस्टाने तयार यायचे. त्याने उत्तराचं कार्ड उलटलं.

"नावेतून कोणीच उतरत नाही. क्लाइव्ह जिंकला."

क्लाइव्हच्या टेबलावर आरडाओरडा झाला. हेस्टर ताडकन उठली.

"हे सिनेमातलं आहे! प्रश्न कादंबरीवर होता."

"हेस्टरबाई, नियम काय?" डेझमंड म्हणाला. "सूत्रधार चुकला तरी बरोबरच असतो."

"झालं सुरू," क्लाइव्ह म्हणाला. "पुस्तकात असं नाही न् पुस्तकात तसं नाही! अगं, सिनेमा आठ वेळा पाहिलाय मी."

"पुस्तक एकदा तरी उघडलंस का?"

"देवाने डोळे पडदा बघायला दिलेत."

सगळे हसले. हेस्टरने बाबांकडे पाहिलं. या खोलीत खरं सांगू शकणारा एकच माणूस होता आणि त्याच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. तिला रडू आलं. बाबा पुन्हा बाही ओढत होते, अगदी शिवण उसवेल इतक्या जोरात.

"थांबा बाबा. मी सोडणार नाही."

शेकोटीजवळच्या फळीवर लोकांनी आणून टाकलेली जुनी पुस्तकं असायची. हव्या त्याने हवं ते न्यावं. हेस्टर एकेका पुस्तकाचं नाव बघत गेली आणि खालच्या ओळीत तिला ते सापडलं. राखाडी कापडी बांधणी, घरच्यासारखीच. याचं शेवटचं पान मात्र जागेवर होतं.

"छापील पुस्तक तरी मानशील ना, डेझमंड?"

"छापलेलं असेल तर मानीन. वाच मोठ्याने."

बाबांचा हात हवेतच राहिला. ते मान हलवत होते. नाही, नाही, नाही.

हेस्टरने शेवटचं पान उघडलं. ती क्षणभर थांबली. मग घसा साफ करून तिने वाचलं, "'नाव किनाऱ्याला लागली. आई उतरली. गारठलेले हात चोळत तिने विचारलं, जेवायला काय केलंयस गं?'"



"बघू दे," क्लाइव्हने हात पुढे केला.

"वाचलं ना तिने? पुरे," डेझमंड म्हणाला. "विल्फ जिंकला."

टाळ्या पडल्या. कोणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्यांनाच विचारलं, "विल्फ, काय घेणार?" बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते लेकीकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

हेस्टरने पुस्तक मिटून छातीशी धरलं. शेवटच्या पानावर दोनच वाक्यं होती. नाव आली. नावेत कोणी नव्हतं.